कळ थांबली म्हणून ती खोटी नव्हती

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझं वय ४४. कराडपासून वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. श्रावणात पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे निघाले. ‘४ ते ६ मिलिमीटरचे अनेक खडे’ असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. सर्जननी ऑपरेशन सांगितलं. पण घरात गौरी-गणपती, मग सोयाबीनची काढणी, मग दिवाळी, म्हणून दिवाळीनंतरची तारीख घेतली.

गौरी जेवल्या त्या रात्री एक वाजता मला जाग आली ती कळेनेच. छातीखाली, मधोमध, मग उजवीकडे आणि पाठीत. घाम फुटला, दोन उलट्या झाल्या. ह्यांनी दिरांना उठवलं, गाडी काढली, अडीचला दवाखान्यात पोहोचलो. तिथे छातीची पट्टी (ईसीजी) काढत होते तेवढ्यात कळ उतरायला लागली. दोन इंजेक्शनं, सलाईन, रक्त तपासलं. पहाटे डॉक्टर म्हणाले, “काही नाही, घरी जा, तेलकट खाऊ नका.” ५,८०० रुपये झाले. येताना दीर म्हणाले, पोटात दुखत होतं तर छातीची पट्टी कशाला काढली? सासूबाई म्हणाल्या, “दोन बाळंतपणं काढलीस की, ही कळ काय मोठी!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे पितृपक्षात पितरांच्या जेवणात वडे होते. रात्री अकराला पुन्हा तशीच कळ सुरू झाली. या वेळी मी कुणाला उठवलंच नाही. उशी तोंडात धरून बसले. सकाळी सहाला कमी झालं. पुढचे दोन दिवस अंग कसकसत होतं, जेवण जात नव्हतं, उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं.

आता पुन्हा दुखलं तर जायचं का? कधी जायचं? की तारखेपर्यंत कळ काढू? जाऊ म्हणते पानफुटीची पानं खाल्ली की खडे पडतात. खाऊ का?

— एक सून

* * *

ताई,

तुमच्या पत्रात दोन रात्री आहेत. घरच्यांच्या लक्षात पहिली राहिली, कारण त्या रात्री झोपमोड झाली आणि पैसे गेले. मला अस्वस्थ केलं ते दुसरीने.

अकरा ते सहा म्हणजे सात तास. त्यावर दोन दिवस कसकस, अन्नावरची वासना उडालेली, उजवी कूस दुखरी. हे वाचल्यावर उत्तर छापून येईपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. संपादकांमार्फत तुम्हाला निरोप धाडला की आधी सर्जनना भेटा, रक्त आणि सोनोग्राफी पुन्हा करा, बाकीचं नंतर. तुम्ही जाऊन आलात हे कळलं, बरं वाटलं. तपासण्यांत काय निघालं ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर बघाल, ते इथे छापण्याची गोष्ट नाही. पण प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. तारीख हातात घेऊन बसलेली आणि ‘मागच्या वेळी उगाच गेलो’ म्हणून रात्र काढणारी माणसं मी नोकरीत असताना फार पाहिली, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या शेतात ठिबक असेल तर हे चटकन कळेल. यकृतातून आतड्याकडे पित्ताची एक मेन लाइन जाते. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. या लाइनला बाजूने एक लहानशी टाकी जोडलेली आहे, तेच पित्ताशय. त्यात मावतं किती, तर ३० ते ५० मिलिलिटर, कटिंग चहापेक्षाही कमी. तूप-तेल पोटात गेलं की आतड्यातून रक्तात निरोप सुटतो आणि टाकी आवळते, साठवलेलं पित्त पुढे ढकलते. पुरणपोळीवर तुपाची धार, वर भजी, म्हणजे टाकीला चांगलंच काम लागतं. अशा वेळी टाकीच्या तोंडाशी खडा येऊन बसला की आतून जोर पडतो आणि बाहेर वाट नसते. ती तुमची कळ. आणि जोर ओसरल्यावर खडा मागे पडला, की कळ जाते.

म्हणजे छातीची पट्टी काढताना तुमची कळ उतरली ती तुम्ही घाबरट आहात म्हणून नव्हे. बहुतेक त्याच सुमाराला खडा तोंडावरून हलला. दवाखान्याच्या पायरीवर दुखणं थांबणं ही या आजाराची अगदी जुनी खोड आहे. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते, म्हणून दाढ किडलेली नव्हती असं कोणी म्हणतं का?

आता तो छातीच्या पट्टीचा विषय. दिरांना राग आला ते मी समजू शकते. बिलं फुगवणारे दवाखाने नाहीतच असं मी म्हणणार नाही, माझाच व्यवसाय आहे, मला माहीत आहे. पण ही पट्टी त्यातली नव्हे. छातीखाली मधोमध दुखणं, घाम, उलटी, वय चाळिशीच्या पुढे, आणि वेळ रात्रीची. हृदयविकाराचा झटकाही नेमका असाच येऊ शकतो, आणि बायकांमध्ये तर तो अनेकदा छातीत न दुखता येतो. पित्ताशयात खडे आहेत हे आधीपासून माहीत असलं तरी हृदय तपासल्याशिवाय पोटाकडे वळायचं नाही, हे आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात सांगायचो. त्या रात्रपाळीच्या मुलाने (मुलगाच असणार, रात्रपाळीला कायम मुलंच असतात) ती पट्टी काढली नसती, तर मी इथे त्याला रागावले असते.

त्याचं चुकलं ते वेगळंच. तो “काही नाही” म्हणाला. आमच्या तोंडी “काही नाही” याचा अर्थ असतो की आज रात्री दाखल करण्याजोगं काही दिसत नाही, कावीळ नाही, सूज नाही, हृदय ठीक आहे. तुमच्या घरच्यांनी ते ऐकलं की तुम्हाला काही झालेलंच नव्हतं. त्याने आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. ‘ही खड्याचीच कळ होती. पुन्हा येईल, आणि आली की या.’ त्याचं राहून गेलं, म्हणून मी लिहिते आहे. सासूबाईंना वाचून दाखवा.

आपल्या मराठीचाही यात थोडा घोटाळा आहे. आंबट ढेकर आली की ‘पित्त झालंय’, डोकं ठणकलं की ‘पित्त चढलंय’, अंगावर गांधी आल्या की ‘पित्त उठलंय’. यातल्या कशाचाही त्या टाकीशी संबंध नाही. पण शब्द एकच असल्यामुळे ‘पित्ताशयात खडे आहेत’ म्हटलं की घरातली माणसं आमसुलाचं सरबत करायला उठतात. कुणी सोडा देतं, कुणी चघळायच्या गोळ्या देतं. जळजळीवर ते ठीक, पण तोंडाशी अडकलेला खडा सोड्याने हलत नाही. त्यात तासभर जातो आणि आजारी माणसालाही वाटायला लागतं की आपण साध्या पित्ताचा बाऊ करतोय.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जायचं कधी?

कळ सुरू झाली की आधी घड्याळ बघा आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. साधी खड्याची कळ अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि मग उतरते. तुमच्या सर्जननी अशा वेळी घ्यायची गोळी लिहून दिली असेल तर ती घ्या. दिलेली नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नको, मूत्रपिंडाचा, अल्सरचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. गोळीनंतर तास-दोन तासांत उतार नाही पडला, तर निघायचं. सहा तास भरायची वाट बघायची नाही. सहा तासांच्या पुढे गेलेली कळ म्हणजे पित्ताशयाला सूज आली आहे असंच आम्ही धरून चालतो, तपासणीत नाही निघाली तर उत्तम. तुमची दुसरी रात्र त्या रेषेच्या पलीकडे गेली होती.

काही गोष्टींत मात्र घड्याळही बघायचं नाही. हुडहुडी भरून ताप आला, किंवा डोळे पिवळे दिसले, किंवा लघवी गडद चहासारखी आणि शौच पांढुरकं व्हायला लागलं, तर खडा टाकीतून निसटून मेन लाइनमध्ये अडकलेला असू शकतो. ताप, कावीळ आणि पोटदुखी ही तिन्ही एकत्र आली तर त्या लाइनमध्ये जंतू वाढले आहेत असं समजायचं. या त्रिकुटाकडे शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८७७ मध्येच बोट दाखवलं होतं, आणि त्यात माणूस काही तासांत खालावतो. दुसरं, कळ सरळ पाठीत आरपार जाते, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसलं तरच थोडं बरं वाटतं, असं झालं तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते, कारण त्याची नळी आतड्याच्या तोंडाशी याच मेन लाइनला येऊन मिळते. आणि श्वास लागणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांपैकी काहीही असेल तर पुन्हा छातीच्या पट्टीसाठीच धावायचं. अशा वेळी १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. घरात मधुमेहाचं कोणी असेल तर त्यांना सांगून ठेवा, त्यांच्यात सूज मोठी आणि दुखणं थोडं असं होऊ शकतं.

खडे ४ ते ६ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे बारीकच, असं घरात कोणीतरी म्हणालं असणार. नेहमी म्हणतात. मुतखड्याच्या बाबतीत बारीक म्हणजे बरं, आपोआप पडून जातो. इथे उलटं आहे. मोठा खडा टाकीतून सहसा बाहेर पडू शकत नाही. निसटून मेन लाइनमध्ये जातात ते बारीकच.

त्यातच पानफुटीचं उत्तर आलं. तुमच्या जाऊबाईंनी पानफुटी, कुळथाचं पाणी वगैरे ऐकलं असेल ते मुतखड्यासाठी. मुतखडा मूत्रपिंडात असतो आणि त्याला लघवीची वाट आहे. पित्ताचा खडा त्या वाटेवर नाहीच, मग तो पडणार कुठून? आणि समजा एखाद्या पाल्याने तो खरोखरच हलला, तर तो जाईल मेन लाइनमध्ये, जिथे तो जायला नकोय. फोनवर ते तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याचे व्हिडिओ फिरतात. सकाळी शौचात हिरवट मऊ गोळे दिसतात ते खडे नव्हेत, त्या तेलाचाच पोटात साबण झालेला असतो. वर एवढं तेल एकदम पोटात गेल्यावर पित्ताशय काय करेल, हे आता तुम्हीच मला सांगू शकाल.

खडे विरघळवण्याच्या गोळ्याही असतात. मोजक्या लोकांत, महिनोन्‌महिने घेतल्यावर त्या थोडंफार काम करतात आणि बंद केल्या की अनेकांना खडे पुन्हा होतात. कळा सुरू झालेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

सासूबाईंबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. बाळंतकळा आणि ही कळ, दोन्ही भोगलेल्या कितीतरी बायकांनी मला सांगितलंय की ही जास्त वाईट, कारण तिला मधे विसावा नसतो आणि शेवटी बाळ नसतं. पण मला शंका आहे की सासूबाईंच्या मनात वेगळंच भय आहे. त्यांच्या वयाच्या माणसांनी पित्ताशयाचं ऑपरेशन पाहिलंय ते बरगडीखाली वीतभर तिरका छेद, आठ-दहा दिवस खाटेवर, पुढे दोन महिने कळशी उचलायची नाही. मी शिकले तेव्हा हेच करायचो. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी. सरकारी रुग्णालय होतं ते, साधीसुधी माणसं तिथे येत. तेव्हा आमच्यातल्याच मोठमोठ्यांनी नाकं मुरडली होती. आज चार लहान भोकं, एक-दोन रात्री दवाखान्यात, आठ-पंधरा दिवसांत घरातली हलकी कामं. सूज फार असेल तर कधी मधेच पोट उघडावं लागतं, हे सर्जन आधी सांगतात आणि त्याने घाबरायचं नसतं. टाकी गेली तरी यकृत पित्त करतच राहतं, ते थेंबथेंब सरळ आतड्यात जातं. काहींना थोडे दिवस शौचाला पातळ होतं, मग बसतं.

सूज आली की ऑपरेशन लांबणीवर टाकू नये हे मात्र मी ठासून सांगेन. पूर्वी पित्ताशय सुजलं की औषधांनी ‘थंड’ करायचं आणि सहा आठवड्यांनी कापायचं, अशी रीत होती. मीही तसंच केलं, वर्षानुवर्षं. आता जगभर उलटी रीत आहे. माणूस ऑपरेशन झेपण्याजोगा असेल, तर सूज आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत, निदान आठवड्यात करून मोकळं व्हायचं. थांबण्यात मधल्या काळात पुन्हा अशीच रात्र येण्याचा धोका असतो. म्हणून दवाखान्यात गेल्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. तुम्ही दिवाळीनंतरची तारीख घेतली ती श्रावणातल्या पोटदुखीवर. त्यानंतर दोन मोठ्या कळा झाल्या, त्यातली एक सात तासांची. ओपीडीत सर्जनसमोर हे एवढंच सांगायचं, तारखांसकट. ‘बरं आहे ना?’ असं त्यांनी विचारल्यावर ‘हो, आता बरं आहे’ म्हणून उठायचं नाही. आपल्याकडे बायका हे फार करतात. मी स्वतः डॉक्टर असून माझ्या पेशंटपणात हेच केलं होतं, त्याचा किस्सा पुन्हा कधीतरी.

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू झाली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. ‘माझ्या ऑपरेशनचं पॅकेज या रुग्णालयात बसतं का, नसेल तर जवळ कुठे बसतं?’ हे त्याला आताच, दुखत नसताना, विचारून ठेवा. तातडीच्या वेळी आधी दाखल करून कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे. दिरांना हे काम द्या. हिशेबाची काळजी असणारा माणूस हे काम चोख करतो.

घरी एक फाइल करा. सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्या रात्रीची ती छातीची पट्टी, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी असेल तर ती, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स. दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवा. कळ आली की शेवटचं कधी जेवलात तेही लक्षात ठेवा, भूलतज्ज्ञ पहिलं तेच विचारतात, आणि निघताना पोटात काही घालू नका, दूधसुद्धा नको. रात्री गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हे ‘ह्यांनी’ ठरवून ठेवायचं आहे. पत्रात ते फारसे बोलत नाहीत, पण पहिल्या रात्री दिरांना उठवायला गेले ते तेच. तुम्ही दुसऱ्या रात्री त्यांना उठवलं नाहीत, याचं त्यांना काय वाटलं, विचारलंत का?

राहिलं खाणं. तूप-तेल कमी केल्याने कळा कमी येतात, खडे जात नाहीत. भाकरी, भाजी, वरण, ताक, फोडणी नावापुरती, एकदम भरपेट नको. पण उपाशीही राहू नका, फार वेळ पोट रिकामं राहिलं की पित्त टाकीत साचून घट्ट होतं. आणि तुम्ही हे वाचाल तेव्हा घट बसलेले असतील. नऊ दिवसांचा उपवास म्हणजे दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी शेंगदाण्याच्या कुटात आणि तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी. तुमच्या पित्ताशयाला याहून वाईट वेळापत्रक मला सुचणार नाही. घट बसवा, माळ घाला, आरती करा, उपवास मात्र यंदा नको. सासूबाईंनी कोणी सांगितलं विचारलं, तर माझं नाव सांगा.